आक्काच्या समोरची खुर्ची

फोन सकाळी आला. उंब्रजहून कमलवहिनी बोलत होत्या. "भावजी, आक्का गेल्या... खुर्चीतच." कुठली खोली, कुठलं टेबल, हे मला विचारावं लागलं नाही.

सुलोचनाआक्का माझी मामेबहीण. तिची सारी नोकरी दिल्लीत, व्यापार खात्यात गेली. युरोपातल्या देशांच्या गटाशी मुक्त व्यापाराची बोलणी वर्षानुवर्षं रखडत चालली होती. त्यात शेतीमालावर बोलायला बसणाऱ्यांत ती होती. माझी तासगावजवळ द्राक्षबाग. तिकडं आमच्या द्राक्षांवर लागणारं आयातशुल्क कमी व्हावं म्हणून आम्ही बागायतदार डोळे लावून बसलेलो, आणि आक्का दुधावर अडून बसलेली. तिकडचं लोणी, भुकटी इकडं आली तर दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या बाईनं जायचं कुठं, एवढंच तिचं म्हणणं. एका लग्नात मी सगळ्यांदेखत बोललो, "आक्का, तुझ्या दुधापायी आमची द्राक्षं अडलीत." ती पाहुण्यांत निघून गेली. पुढं कित्येक वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

निवृत्तीनंतर ती भावाकडं, कमलवहिनींच्या घरी, उंब्रजला आली आणि तिला विसर पडू लागला. नावं गेली, माणसं गेली. बोलणी तेवढी उरली. रोज दुपारी तीनला इस्त्रीची साडी नेसून ती जेवणाच्या टेबलाशी बसायची आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीशी इंग्रजीत बोलायची. आजारी म्हणून भेटायला गेलो तेव्हा ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. तिच्या बोलण्यानं नव्हे, थांबण्यानं. प्रश्न विचारून ती गप्प व्हायची, कान देऊन ऐकायची, मान हलवायची. कधी हात वर करून समोरच्याला मध्येच अडवायची.

गेल्या उन्हाळ्यात मी मन घट्ट करून त्या खुर्चीत बसलो. नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी ती कोमट होती. उन्हाळ्यात सगळंच कोमट असतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. आक्कानं मला ओळखलं नाही. मोडक्या इंग्रजीत मी विचारलं, "आणि द्राक्षं?"

"हवीतच. पण मी ती आधी मागितली, तर तुम्ही बदल्यात दूध मागाल." मग ती पुढं झुकली, आवाज खाली आला. "माझा भाऊ द्राक्षवाला आहे. माझ्याशी बोलत नाही. त्याला हे सांगता येत नाही... इथलं बाहेर बोलायचं नसतं."

मी न राहवून मराठीत म्हणालो, "आक्का, अगं मीच..."

ती दचकली. माझ्या खांद्यावरून मागं बघत, मागं उभ्या असलेल्या कुणाला तरी तिनं विचारलं, "तुमच्या जागेवर हे कोण बसलेत?"

मी उठलो. मागं वळून बघायचं धाडस झालं नाही.

तिचे दिवस झाल्यावर, थोड्याच काळात, बोलणी पुरी झाल्याची बातमी आली. दूध कराराबाहेर राहिलं होतं. द्राक्षांना सवलत मिळाली होती. पेपर घेऊन मी उंब्रजला गेलो. तीन वाजत आलेले. वहिनींनी टेबल पुसलं, पंखा लावला.

"कुणासाठी, वहिनी? आक्का तर..."

"आक्कांसाठी न्हवं, भावजी." त्या समोरच्या खुर्चीकडं न बघता म्हणाल्या, "त्यास्नी कुणी सांगितलंच न्हाई अजून. मला कुठं येतंय इंग्रजी?"

त्या आत गेल्या. मी पेपर टेबलावर ठेवला आणि उभ्याउभ्याच, जमेल तसं, त्या खुर्चीला सांगितलं... बोलणी झाली. सुलोचना गेली. ती बरोबर होती.

मग मला रडू आलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, असं मी शपथेवर सांगणार नाही.