बिस्किटाच्या डब्याचं झाकण

वाढदिवसाला खुर्च्यांचं रिंगण मांडलं की आलेइडाला नकोसं होई. आधी कॉफी आणि केकचा एकेक तुकडा. मग पत्र्याचा डबा फिरणार, प्रत्येकी एक बिस्किट, आणि थोरली बहीण नेलेका टप्पकन झाकण लावणार. आलेइडापाशी तर जरा आधीच.

"भूक आम्ही पाहिली," काटकुळी नेलेका दरवर्षी सांगे. "महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्न अडवलं, तेव्हा ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. तू जन्मलीस पाव मिळायला लागल्यावर. तू नुसतं खाल्लंस." आणि भेट म्हणून लागवडीचे कंदच आणी. त्या मातकट वासाची आलेइडाला शिसारी होती. तशीच आरशातल्या स्वतःच्या देहाची. आपण हावरट आहोत, हे तिनं कधीच मान्य केलं होतं.

मागच्या महिन्यात, त्या हिवाळ्यात गर्भात असलेल्यांची तपासणी झाली, तिला आलेइडाही गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गर्भ राहतानाच आई उपाशी असली, तर बाळाच्या जनुकांवर खुणा राहतात. जनुकं तीच, पण कुठलं किती काम करणार ते बदलतं. साठ वर्षांनीही खुणा सापडल्यात. तुमच्या एकटीचं छातीठोक सांगता येत नाही. पण याला हाव नका म्हणू."

"आणि नातवंडांचं?"

"ते अजून माहीत नाही."

आज त्रेसष्टाव्या वाढदिवसाला लेक फेना आली होती, सात महिन्यांचं पोट सांभाळत. तिनं डब्यात हात घातला.

"तुलाही साखर निघाली ना गं?" नेलेका म्हणाली. "आईचंच तोंड घेऊन आलीस. आता पोटातलंही तसंच निघायचं."

फेनाचा हात रिकामाच मागे आला.

आलेइडानं नेलेकाच्या हातातलं झाकण ओढून मांडीवर ठेवलं. "त्या हिवाळ्यात मी कुठे होते, नेल? आईच्या पोटात."

"पोटात कसली आलीय भूक! आई स्वतःच्या वाटणीचा कंद मला द्यायची. समोर बसून म्हणायची, मला नको. त्याला म्हणतात भूक!"

बोलून गेल्यावर नेलेकाला कळलं: उपाशी आई होती, आणि आईच्या पोटात आलेइडा.

त्या हिवाळ्यातल्या चार वर्षांच्या नेलेकावर आलेइडाला राग धरता येईना. पण साठ वर्षं झाकण लावणाऱ्या या बाईची तिला किळस आली. आरशातल्या बाईची, स्वतःची, मात्र आज आली नाही.

जरा वेळानं नेलेकानं सवयीनं हात पुढे केला. "दे ते. बिस्किटं मऊ पडतील."

"पडू देत," आलेइडा म्हणाली.