गैरहजर दिवसांची नोंद

वजनमापांच्या कार्यालयात तिला सगळे शून्यबाई म्हणत, आणि तेही तिच्या तोंडावर. बावीस वर्षे ती बाजारपेठांतून हिंडून दुकानदारांचे तराजू तपासत आली होती आणि कुठल्याही दुकानात शिरल्यावर तिचे पहिले वाक्य ठरलेले असे : “आधी काटा शून्यावर आणा.” मग वजन ठेवायचे, आकडा वाचायचा, वजन उचलायचे, आणि काटा मुकाट्याने शून्यावर परत येतो की नाही ते पाहायचे. ही शेवटची पायरी बरेच निरीक्षक गाळत. शून्यबाई गाळत नसे. भार असताना सगळेच तराजू शहाण्यासारखे वागतात, खोड कळते ती भार उतरल्यावर, असे तिचे मत होते आणि ते ती विचारले नाही तरी सांगत असे.

दीड वर्षापूर्वी तिला विषाणूचा ताप आला. नवव्या दिवशी ताप उतरला. बाई काही पूर्वपदावर आली नाही. एखाद्या सकाळी ती बँकेत जाऊन येई, वाटेत ओळखीच्यांशी बोलत उभी राही, जिने चढून घरी येई. लोक म्हणत, चेहरा टवटवीत दिसतोय हो. तिसऱ्या दिवशी मात्र तिला दुधाचे पातेले उचलत नसे, खिडकीतला उजेड डोळ्यांत टोचे, आणि बोलायला घेतलेल्या वाक्याचा शेवट कुठे ठेवला ते आठवत नसे. डॉक्टर बदलले, रक्त तपासले, हृदय तपासले. “रिपोर्ट तर छान आहेत,” हे वाक्य तिने इतक्यांदा ऐकले की छान रिपोर्टांची ती जाडजूड फाईल पाहिली तरी तिच्या कपाळावर आठी उमटे.

अशाच माणसांनी मिळून एक अभ्यास सुरू केला होता, त्यात ती शिरली. सदुसष्ट जण होते, आणि त्यांत डॉक्टर एकही नव्हता. प्रश्न रुग्णांनीच ठरवायचे, उत्तरे रुग्णांनीच द्यायची, निष्कर्षही त्यांनीच काढायचे. रोज संध्याकाळी पाचला फोनवर फॉर्म येई. थकवा, शून्य ते दहा. पहिल्याच बैठकीत शून्यबाईने विचारले, “तीन म्हणजे किती? आणि कोणाचा तीन?” हा सगळा व्याप अंथरुणात पडून सांभाळणारा एक ग्रंथपाल होता. बैठकीत त्याचा आवाज तेवढा येई, चेहरा कधी दिसत नसे. तो म्हणाला, “प्रश्न बरोबर आहे, बाई. पण मला पुढचं वाक्य सुचत नाहीये. उद्या सांगू?” तो उद्या उजाडायला सतरा दिवस लागले. शून्यबाई चडफडली, पण वर्षभर फॉर्म भरत राहिली. कारण जगात दुसरे कोणी हे मोजतच नव्हते.

तिचे स्वतःचे कामही त्यात अडकले होते. रजा संपत आली होती. कार्यालयाचे पत्र आले, की अमुक मंगळवारी वैद्यकीय तपासणीला हजर राहावे. तंदुरुस्त ठरल्यास वजनांची पेटी घेऊन पुन्हा बाजार फिरायचे, न ठरल्यास मुदतीआधी निवृत्ती. तिला या दोन्हींतले काही नको होते. कार्यालयाच्या प्रयोगशाळेत एक टेबल होते, जिथे बसून प्रमाण मानलेली पितळी वजने तपासतात. तिथे तिला अर्धा दिवस हवा होता. एकावन्नाव्या वर्षी घरी बसण्याची कल्पना तिला सहन होत नव्हती आणि पेटी उचलणे तिच्या आवाक्यात नव्हते. डॉक्टरपुढे अभ्यासाचा अहवाल ठेवू, म्हणजे आपले म्हणणे पटेल, या भरवशावर ती होती.

तपासणीला आठ दिवस उरले असताना अहवालाचा आलेख आला.

“बघितलात का?” ग्रंथपालाच्या आवाजात उत्साह होता. “थकव्याची रेघ खाली चाललीये. आपण सुधारतोय, बाई!”

“कोण सुधारतंय?”

“सगळेच. सरासरी.”

“तुम्ही सुधारलात?”

“मी चार दिवस आडवाच आहे. पण मी म्हणजे काही सरासरी नाही ना.”

“मीही नाही. मग आहे तरी कोण?”

तिने मुळातला तक्ता मागवला. वीस मिनिटे वाचायचे आणि तासभर डोळे मिटून पडायचे, असे करत तीन दिवसांत तो पुरा केला. पहिल्या महिन्यात सगळ्यांनी हौसेने, पडल्या पडल्या का होईना, रोज फॉर्म भरला होता. मग हौस ओसरली. वाईट दिवशी फोन हातात धरवत नाही, धरला तर अक्षरे हलतात. चौकट रिकामी राहू लागली. तिच्या एकटीच्या एकाहत्तर चौकटी रिकाम्या होत्या.

“रिकाम्या चौकटींचं तुम्ही काय करता?” तिने ग्रंथपालाला फोन लावला.

“काही नाही. यंत्र वगळतं त्यांना. नोंदच नाही तर मोजणार काय?”

शून्यबाईने फोन कानापासून दूर धरला, मग पुन्हा जवळ आणला. “अहो, तपासणीच्या दिवशी दुकानदार खोटी वजनं फळीखाली सरकवतात आणि खरी तेवढी मांडून ठेवतात. अशांना मी बावीस वर्षं धरत आले. आपण तेच केलंय. तेही स्वतःविरुद्ध! आपण बरे होत नाही आहोत, आपण फक्त तक्ता भरायचं थांबलोय.”

“मग मागाहून आठवून भरूया?”

“मागाहून आठवून भरलेली नोंद मी आजवर एकाही दुकानदाराची चालवून घेतलेली नाही. माझीही नाही घेणार.” असे म्हणून तिने फोन ठेवला खरा; पण आता करायचे काय, हे तिलाही ठाऊक नव्हते.

स्वयंपाकघरातून ताई बाहेर आली. ताई म्हणजे तिची थोरली बहीण, टेलिफोन कार्यालयातून निवृत्त झालेली. दोघी दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकत्र राहत आणि स्वयंपाकाची पाळी एक दिवसाआड बदलत असे. निदान तसा करार होता.

“कोणावर खेकसतेयस एवढी? खालपर्यंत ऐकू जातंय.”

“स्वतःवर. माझे एकाहत्तर दिवस सापडत नाहीयेत.”

“एकाहत्तर?” ताईने हात पुसले. “अगं, जास्त आहेत.”

तिने भांड्यांच्या कपाटाचे दार उघडले. दाराच्या आतल्या बाजूला, ताटांवर वाकल्याशिवाय दिसणार नाही अशा बेताने, एक कॅलेंडर टांगलेले होते. त्यावर तांबड्या पेन्सिलीच्या फुल्या होत्या आणि फुलीखाली बारीक, सरळ अक्षर. आलेला प्रत्येक फोन वेळेसकट टिपायची एकतीस वर्षांची सवय ताईच्या हातातून गेली नव्हती. शून्यबाई वाचू लागली. ‘हिची पाळी. मी केला. परवा बँकेत मिरवली, आज आडवी.’ ‘दार बंद. हाक मारली, ओ नाही. दोन दिवसांपूर्वी मैत्रिणीकडे गप्पा.’ ‘पुन्हा मीच. मला कोणी विचारतंय का?’

“हे काय आहे?”

“हिशोब. ऐंशी दिवस तुझ्या वाटणीचं काम केलंय मी. एक दिवस तुझ्या तोंडावर मारायला ठेवला होता.”

“मग मारला का नाहीस?”

“तू नीट उभी असशील त्या दिवशी मारणार होते. पडलेल्या माणसाशी काय भांडायचं?”

शून्यबाईने तक्ता आणि कॅलेंडर शेजारी शेजारी मांडले. एकाहत्तर रिकाम्या चौकटींपैकी अडुसष्टांवर फुली होती. उरलेले तीन दिवस ताई गावाला गेली होती. पण बारा फुल्या अशा दिवसांवर होत्या, ज्या दिवशी फॉर्म भरलेला होता.

“या बारा दिवशी तू काय लिहिलंस त्यांना?” ताईने चष्मा वर सरकवत विचारले.

“थकवा चार. पाच. एकदा तीन.”

“तीन? छोटे, त्या दिवशी तुला चमचा जड होत होता!”

“रोज रोज तेच लिहवत नव्हतं गं.” शून्यबाई तक्त्याकडेच पाहत राहिली. खोटा तराजू बावीस वर्षांत तिच्या नजरेतून क्वचितच सुटला होता. हा मात्र वर्षभर सुटला होता. “हे कॅलेंडर मला दे.”

“ने की. वर्षभर राग साठवला मी, आणि तू त्यावर संशोधन करणार. कमाल आहे.”

मंगळवारी दोघी रिक्षाने गेल्या. वैद्यकीय अधिकाऱ्याने तिला दोन मजले चढवले, सहा मिनिटे चालवले, तिच्या मुठीची ताकद पाहिली. सगळे उत्तम निघाले. ते उत्तम निघणार हे तिला ठाऊकच होते, आणि त्याचाच तिला संताप येत होता. डॉक्टरांनी शिक्का उचलला.

“एक पायरी राहिली, डॉक्टर,” ती म्हणाली. “भार दिलात, आकडा वाचलात. भार उतरल्यावर काय होतं ते कोण पाहणार?” आणि तिने कॅलेंडर पुढे सरकवले.

डॉक्टरांनी दोन पाने वाचली. तिसऱ्या पानावर त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. “कोणी लिहिलंय?”

बाहेरच्या बाकावरून ताईला आत बोलावले.

“तुम्ही बहिणीची बाजू घेणारच,” डॉक्टर म्हणाले.

“बाजू?” ताईचा आवाज चढला. “साहेब, पुन्हा वाचा बघू. यात मी हिची बाजू घेतल्यासारखं काय दिसलं तुम्हाला?”

डॉक्टरांनी खरोखरच पुन्हा वाचले. मग शिक्का खाली ठेवून म्हणाले, “ठीक आहे. गुरुवारी दहाला या. याच चाचण्या पुन्हा घेऊ.”

गुरुवारी दहाला शून्यबाई अंथरुणावर होती. उशीवरून मान उचलत नव्हती. एवढ्या खटपटीनंतर मिळालेली संधी दुखण्यानेच हिरावली, आणि दुखणे किती आहे हे दाखवायला दुखणाईतच हजर नाही, या विचाराने तिला रडावेसे वाटले. पण रडण्यालाही ताकद लागते. ताई कधी बाहेर पडली ते तिला कळले नाही.

साडेबाराला दार वाजले. ताई धापा टाकत आत आली आणि पलंगाच्या कडेवर बसली.

“खिडकीतला कारकून म्हणे, पेशंट कुठंय? म्हटलं, घरी. म्हणे, मग गैरहजर लिहितो, प्रकरण बंद. म्हटलं, लिहून तर बघ! आली असती तर ती बरी आहे म्हणाला असतात, नाही आली तर गैरहजर. मग आजारी माणसानं तुमच्याकडे यायचं कसं? अरे, ती आलेली नाही हीच तिची तपासणी आहे.”

“मग?” शून्यबाईचा आवाज जेमतेम उमटला.

“मग काय, दोन तास बाकावर. शेवटी डॉक्टरच बाहेर आले. आजची फुली दाखवली त्यांना, पेन्सिलीनं नुकतीच केलेली. घरी कोण बघतंय म्हणाले. म्हटलं, सकाळी शेजारणीला बसवून आलेय.” तिने पर्समधून कागद काढला. प्रयोगशाळेत बसून काम, अर्धा दिवस. “तीन महिन्यांसाठीच आहे. मग पुन्हा तपासणी. आणि वार कुठला? मंगळवार! पुन्हा तेच सगळं रामायण.”

शून्यबाईने कागदाला नुसते बोट लावले. तेवढ्याने तिला दम लागला.

पाचला फोन वाजला. कॅलेंडरची हकीकत ऐकून ग्रंथपालाने कालच फॉर्ममध्ये नवी ओळ घातली होती : ‘आज घरातल्या दुसऱ्या माणसाने काय पाहिले?’ ताईने फोन उचलून हातभर लांब धरला.

“मी काय लिहू?”

“दिसतंय ते.”

ताई लिहू लागली. बराच वेळ लिहीत राहिली. शून्यबाईने एक डोळा उघडला. “एवढं काय लिहितेयस?”

“माझे दोन तास, कारकून, सगळंच. पण अर्ध्यात थांबलंय.” ताई चिडून म्हणाली, “सांग त्या ग्रंथपालाला, चौकट लहान पडते म्हणावं.”