निर्भीड काका

"वाच," काका म्हणाले. "थांबलीस का?"

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तिसरा दिवस. दादरचा फ्लॅट, मुलगा परदेशात, म्हणून रुग्णसेवेच्या ब्युरोने मला आठ दिवसांसाठी पाठवलेलं. मोबाईल बघायला डॉक्टरांची बंदी, पण काकांना चैन कुठली! त्यांनी आधी टाकलेल्या कमेंटी आणि त्यावर लोक काय म्हणाले, ते मी वाचून दाखवायचं.

काकांच्या खात्याचं नाव 'निर्भीड'. फोटो सिंहाचा. मी वाचलं, "वजडी काय शिजवतेस, आधी हात धू. तुमच्या लोकांचा वास सात पिढ्या जात नाही."

व्हिडिओ माझा होता. परळच्या चाळीत, आईच्या पातेल्यात केलेली बकऱ्याच्या आतड्यांची वजडी. दिसत होते फक्त माझे हात. ती कमेंट आली तेव्हा दोन दिवस मला जेवण गेलं नव्हतं. आज तीच मी माझ्या तोंडाने, मोठ्याने, लिहिणाऱ्यालाच ऐकवली.

"लाईक किती?"

"चाळीस."

काका खुदकन हसले. "ऑफिसात कुत्रं विचारत नव्हतं मला. आता बघ! लोकांना झोंबलं की बरं वाटतं गं."

इतकंच? ह्याच्यासाठी? मला वाटलेलं, कोण मोठा राक्षस असेल. हा तर माझ्या हातचा मऊ भात खाऊन ढेकर देणारा, स्वतःची चप्पल न सापडणारा म्हातारा. कीव नाही आली. किळस आली.

"काका, ते हात माझे आहेत."

काळा चष्मा चाचपत म्हणाले, "अगं, तुला नव्हतं म्हटलं ते."

"मग कुणाला?"

निर्भीडने तोंड भिंतीकडे वळवलं.

डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली होती. घातले. कामात खोट काढायला मी जागा देत नाही. पण लाज माझीही वाटली. पहिल्या दिवशी ह्याने आडनाव विचारलं, तेव्हा नुसतं नाव सांगून मी स्वयंपाकघरात सटकले होते. व्हिडिओतही तेच. हात पुढे, तोंड लपवलेलं. हा भित्रा सिंहामागे दडतो ते ठीक. मी कुणाच्या बापाचं काय चोरलंय?

त्याच संध्याकाळी घरी चाळीत आल्यावर मोबाईल मसाल्याच्या डब्याला टेकवला, व्हिडिओ सुरू केला आणि समोर बसले. जयभीम म्हटलं. नाव सांगितलं, आडनावासकट. मग वजडी धुवायला घेतली.

सोमवारी काकांना मोबाईल बघायची परवानगी मिळेल. बघा म्हणावं. पुढची कमेंट आता माझ्या तोंडाकडे बघून लिहायची.