पुढची सीट कोणाची

भरवेलीच्या मँगनीज खाणीत चैतराम एकतीस वर्षं बसून होता. हे त्याचंच म्हणणं. बाकीचे खाणीत राबले, आपण नुसते बसलो, असं तो ऐटीत सांगायचा. तो वाइंडर होता, म्हणजे माणसांनी भरलेला पिंजरा दोरावर खाली सोडायचा आणि वर ओढायचा, ते यंत्र चालवणारा. समोरच्या तबकडीवरच्या काट्यावर नजर ठेवून पाळीभर खुर्चीत बसायचं, आणि पिंजरा चालू असताना अंगावर विंचू चढला तरी हलायचं नाही. त्यामुळे बसण्याच्या बाबतीत बालाघाट जिल्ह्यात कोणी आपल्याला शहाणपण शिकवावं, हे त्याला मंजूरच नव्हतं.

आणि शिकवायला निघाला पोटचा पोरगा. लोकेश मेलबर्नच्या एका इस्पितळात नर्सिंगचं काम करतो. त्याला मुलगी झाली, ती सहा महिन्यांची झाली, तेव्हा त्यानं आईबापांची तिकिटं काढली. नागपूरहून दिल्ली, आणि दिल्लीहून सलग साडेबारा तास. मग एका शनिवारी त्याचा फोन आला.

“बाबूजी, वरून पैसे भरले तर पुढच्या क्लासची सीट भेटून राह्यली. पुरी लंबी होते, झोपता येते. पण मले एकच जमते. तुमचा गुडघा दुखते, तुमच्यासाठी करून टाकतो. सोमवारपर्यंत सांगा.”

“बसाचे पैसे?” चैतराम उसळला. “अरे, बसाचा तर मी पगार घेतला जिंदगीभर! आता मीच पैसे देऊन बसू?”

त्याची बायको रुख्माबाई जमिनीवर पाय लांबवून तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, “तुमीच जा पुढं बसून. मी राहीन घरी.”

तिकिटं आल्यापासून तिचं हेच पालुपद होतं. कधी गाय व्याणार होती, कधी खैरलांजीच्या भावाकडे लग्न होतं, कधी परक्या मुलखातलं जेवण पचायचं नव्हतं. फोनवर नात दिसली की ती काचेवर बोट फिरवायची, त्या बोटानं नातीचा गाल चाचपायची. पण येतेस ना, असं लोकेशनं विचारलं की गप्प. लोकेश हिरमुसायचा. चैतरामनं निकाल देऊन टाकला होता, की बाई विमानाला भिते. एकट्यानं जाऊन पोराला काय तोंड दाखवायचं, ही चिंता मात्र त्याला पोखरत होती.

आधी सीटचा फैसला करू, असं त्यानं ठरवलं. त्याची तऱ्हाही खाणीतलीच होती. दोर असो की ब्रेक, वजन टाकून पाहिल्याशिवाय माणसं बसवायची नाहीत. त्यानं दोन घरं सोडून राहणाऱ्या घनश्याम मास्तरांना बोलावलं. मास्तर एकदा अमेरिकेला मुलीकडे जाऊन आले होते आणि तेव्हापासून गल्लीत कोणालाही तो विषय चुकवता आलेला नव्हता. त्यांनी टेप लावून दाखवलं. एवढी रुंदी, आणि पुढच्या सीटची पाठ इथे.

“ढोपर घासतेच,” मास्तर समाधानानं म्हणाले. “पाय लटकून लटकून असे सुजले, का बूट हातात घेऊन उतरलो मी.”

रविवारी सकाळी चैतरामनं पडवीत भिंतीला खुर्ची लावली, समोर मापानं दोन लोखंडी पेट्या एकावर एक रचल्या, आणि खाणीचा आठचा भोंगा होताच आत शिरून बसला. चारच्या भोंग्यापर्यंत, म्हणजे अख्खी पाळी, उठायचं नाही. लघवीला दोनदा सूट, कारण विमानातही असते. जेवण मांडीवर.

येणारेजाणारे फाटकातून विचारत, “कहां पहुंचे चैतरामजी? दिल्ली?”

“अबी नागपूर पार हुआ,” तो म्हणायचा.

दहापर्यंत पेपर वाचून झाला. मोबाइलची बॅटरी गेली. मग बघायला उरली ती रुख्माबाई. नोकरीत असताना पाळ्या, निवृत्तीनंतर काली पुतली चौकातली गप्पांची बैठक. अख्खा दिवस एका जागी बसून बायकोकडे बघायची वेळ त्याच्यावर संसाराच्या बेचाळीस वर्षांत आलीच नव्हती. ती झाडत होती, गाईला चारा टाकत होती, पाणी भरत होती. चहा तिनं उभ्यानंच प्यायला. भाजी चिरायला बसली ती जमिनीवर. घरात चार खुर्च्या, पण ती एकीलाही टेकली नाही.

दुपारी त्याला तिची चेष्टा करायची हुक्की आली. शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीकडे हात करून तो म्हणाला, “या मॅडम, बसा. ही सीट खाली हाय.”

“मले काम हाय.”

“बस ना वो घडीभर. मीच एकटा कवरिक उडू?”

ती बसली. थोड्या वेळानं तिनं पाय लुगड्याखाली ओढून घेतले. चैतरामचा चष्मा घरंगळून खाली पडला, तो उचलायला तो वाकला, आणि त्याला तिचे पाय दिसले. घोटे सुजून गुळगुळीत झाले होते. चपलेचा पट्टा कातडीत रुतला होता. पोटरीवरून जांभळ्या गाठाळ शिरा वर गेल्या होत्या.

“हे का होय?”

“काही नाई. खुर्चीवर पाय लटकले का भरून येतात माहे. खाली बसली का उतरतात.”

“कधीपासून?”

“झाले आठ-धा वर्ष. धानाच्या रोवणीत चिखलात उभी राहू राहू झालं असन.” तिनं पदर सारखा केला. “मास्तर म्हणतात का बारा तास पाय लटकून बसा लागते. मंग मी कशी येऊ? लोकेशले सांगू नका, पोरगं जीवाले लावून घेईन.”

एवढं बोलून ती चहा ठेवायला आत गेली. चैतराम पेट्यांकडे बघत राहिला. पाळीला शेकडो माणसं खाली सोडली आणि वर आणली, काटा केसभर हलला तर त्याला कळायचा, आणि घरातल्या माणसाचे पाय दहा वर्षं दिसले नाहीत. त्याला स्वतःची लाज वाटली. रडूही आलं थोडं, ते त्यानं गमछ्यानं पुसलं.

चारचा भोंगा झाला. तो उठायला गेला आणि उजवा गुडघा जागच्या जागी अडकला. पेटीला धरून तो बराच वेळ तसाच अर्धवट वाकून उभा राहिला. रुख्माबाई स्वयंपाकघरात होती म्हणून निभावलं.

सोमवारी सकाळी तो तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी पाय दाबून पाहिले आणि सांगितलं, पाय वर घेऊन आडवं होता येणार असेल तर खुशाल जा. घट्ट मोजे घाला, मधूनमधून चाला. पण साध्या सीटवर इतका वेळ नको. दवाखान्याच्या पायरीवरूनच चैतरामनं फोन लावला.

“लोकेश, पुढची सीट तुह्या मायची कर.”

“अन् तुमचा गुडघा, बाबूजी?”

“गुडघा पास झाला. आठ तास बसून पाह्यलं. मास्तरले विचार.”

रुख्माबाई घाबरली. “मी एकटी? त्या मोठ्या लोकाइत?”

“मी मांगंच हाव ना. पिंजरा तर एकच हाय. पोचाचं संगच.”

दिल्लीला विमानात शिरल्यावर गणवेशातली एक मुलगी रुख्माबाईला पडद्याआड घेऊन गेली. चैतराम चाळीसाव्या रांगेत, दोन धिप्पाड माणसांच्या मध्ये. पाच-सहा तासांनी तो सीटांच्या पाठी धरत धरत पडद्यापर्यंत गेला. मुलीनं पडदा किंचित सारून दाखवलं. रुख्माबाई उशीवर पाय ठेवून, तोंड उघडं टाकून घोरत होती.

“जगा दूं, अंकल?”

“नाही बेटी,” तो म्हणाला. “सोने दो.”

जागेवर परत बसताना गुडघा कटकन वाजला. विमान उतरलं, लोक निघाले, आणि चैतरामला काही केल्या उठता येईना. शेवटी चाकाची खुर्ची आली. विमानाच्या दारात रुख्माबाई थांबली होती, पायात आपल्याच चपला नीट घालून. त्याला खुर्चीत बघून तिचा चेहरा उतरला. “मले सांगितलं का पास झाला म्हून,” ती पुटपुटली आणि खुर्ची ढकलणाऱ्या माणसाच्या बरोबरीनं तरातरा चालत राहिली.

बाहेर लोकेश बायकोसोबत उभा होता. पोरगी त्याच्या कडेवर होती. बापाला तसं बघून त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

“बाबूजी, मी म्हणलो होतो ना! ती सीट तुमच्यासाठी होती.”

 चैतरामचं लक्ष दुसरीकडे होतं. रुख्माबाईनं नात उचलून घेतली होती, आणि त्या चकचकीत फरशीवर, सामानाच्या गाड्या वळवत जाणाऱ्या लोकांच्या मधोमध, पाय लांब करून ती ऐसपैस बसली होती. पोरीचा खराखुरा गाल ती बोटानं चाचपत होती.

“तुही माय आली का नाई, ते पाह्य,” चैतराम म्हणाला.