चारशे माणसांत एक खून : शिरूरहून दौंडला

शिरूर आणि दौंड ही काही सहलीची ठिकाणं नाहीत, हे आधीच कबूल करते. मीही सहलीला गेले नव्हते. आमच्या सरांनी मला एक चूक दुरुस्त करायला पाठवलं होतं.

मी पुण्यात एका लहानशा संशोधन संस्थेत आकड्यांचं काम करते. त्या वर्षी आम्ही गावोगावच्या गुन्ह्यांचा तक्ता करत होतो. खुनाचा दर लाखामागे काढतात, म्हणजे लाखभर माणसांत किती खून झाले ते. शहरांना हे गणित शोभतं. पण पाहणी करणाऱ्या आमच्या मुलीनं भरलेला भीमेकाठच्या एका वस्तीचा फॉर्म आला : लोकसंख्या जेमतेम चारशे आणि खुनाच्या रकान्यात 'एक'. लाखामागे करायला गेलं तर अडीचशे! सर म्हणाले, "अगं, ही वस्ती आहे की रणांगण? पोलिसांच्या कागदात तिथं शून्य आहे. जा, बघून ये आणि दुरुस्त कर." मी खो खो हसले. आता ते हसणं आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

जानेवारीतली सकाळ. शिवाजीनगरहून शिरूरची एसटी सातच्या आधीचीच पकडा; उशीर झाला की वाघोलीपासून कंपन्यांच्या बसगाड्या रस्ता अडवून बसतात. थंडीत उजवीकडची खिडकी घ्यावी, ऊन अंगावर येतं. वढूला समाधीच्या दर्शनाला जायचं असेल तर कोरेगाव भीमाला उतरायचं, पाबळसाठी शिक्रापूरला. मी शेवटपर्यंत बसून राहिले. शिरूरच्या स्टँडबाहेर गरम भजी, पाव आणि असा गोड चहा, की चमचा उभा राहील. तिथून न्हावऱ्याकडे वडाप, म्हणजे भरली की सुटणाऱ्या, जीप जातात. गाडी भरायची व्याख्या ज्याची त्याची असते. आमच्या ड्रायव्हरची व्याख्या चौदा माणसं अशी होती. माझ्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी होती.

न्हावरं मागे पडलं की मुलूख मोकळा होत जातो. नदीजवळ उसाचे पट्टे, बाकी खडकाळ माळ, बोरीबाभळी, आणि दोन घरांच्या मध्ये चार-चार शेतं. कुणी हाक मारली तर ऐकायला माणूस नाही. फाट्यापासून वस्ती तासाभराची पायपीट आहे. पाणी सोबत न्या, वाटेत टपरी नाही.

पोलीस पाटलांनी चहा पाजला, खुर्ची दिली, पंखाही माझ्याकडे वळवला, थंडीत! फॉर्म बघून मात्र त्यांचा चेहरा उतरला.

"खून? आवो मॅडम, आमच्यात साधी मारामारी न्हाई. तंटामुक्तीच्या बक्षिसाला गावाचं नाव दिलंय आमी. त्यो पोरगा बुडून मेला, आन् प्रेत घावलं नदीच्या पल्याड. पल्याड म्हंजी दौंड तालुका. जे काय आसंल ते त्यांच्या हद्दीत."

"मग हा 'एक' कुणी सांगितला?"

"आबांनी. पोराचा बाप. जरा भ्रमिष्ट झाल्यात बिचारे. तुमी खोडून टाका."

खोडायला पेन होतंच. तरी आबांना भेटूनच जाऊ म्हटलं. शंभर मैलांवरून नाही आले तरी चौदा माणसांत दाटीवाटीनं आले होते.

आबांच्या बापजाद्यांनी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत पायपीट केली. आता दोन एकर जमीन आणि सहा मेंढ्या. त्यांनी अंगणात घोंगडी अंथरली आणि आत भाकरी थापत असलेल्या बायकोला सांगितलं, "पावनी जेवून जाईल गं." मग मला म्हणाले, "चला, नदी दावतो." माणूस अजिबात भ्रमिष्ट नव्हता. बायकोला ऐकू जाणार नाही इतक्या लांब मला नेलं, एवढंच.

"म्हादू माझा धाकटा," काठावर उकिडवं बसत ते सांगू लागले. "रांजणगावला कंपनीत व्हता, खोली बी तितंच. गेल्या पावसाळ्यात, धरणातनं पानी सोडलं व्हतं तवा, या हितं, या येड्या बाभळीत एक प्रेत आडाकलं. पालथं. हात पान्याखाली. आसं कवातरी येतं ताई, वरनं व्हावून. आन् पंचनामा म्हंजी पंच व्हा, मग पोलीस, मग वरीसवरीस कोर्टाच्या खेपा. म्हनून दोनी काठाची रीत हाय. आपल्या हद्दीत लागलं की बांबूनं पुढं लावायचं. पल्याडचे बी लावत्यात, आमी बी लावतो."

"तुम्ही लावलंत?"

"आमी तिघं गेलो. पर सुटंना. वाकून बघितलं तर पायाला नायलानचा दोर, करकचून बांधल्याला. त्योच बाभळीत गुतला व्हता. मी इळ्यानं पायातला दोर कापला. मग गेलं."

पुढचं मला कळलं होतं, तरी ते बोलायचे थांबेनात.

"चार दिसांनी पल्याडच्या ठान्यातनं निरोप आला. वळख पटवाया. फोटू दावला. मनगटावर गोंदल्यालं नाव व्हतं, म्हादू. ल्हानपनी जत्रंत मीच गोंदून आनलं व्हतं. रडला व्हता लई."

"आणि पोलिसांनी काय लिहिलं?"

"बुडून मेला. त्यास्नी कसा दोष द्यायचा? दोरच नव्हता पायाला."

नदी संथ वाहत होती. मी आबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांनी तो ठेवू दिला.

"फॉर्म भरनारीला म्या सांगितलं, खून एक. तिनं लिवला. कुटंतरी खरं काठाला लागलं, ताई. त्यो तेवढा खोडू नगा."

मी खोडणार नव्हतेच. पण खोटी आशा लावणं मला जमलं नाही. "आबा, माझ्या तक्त्यानं कुणी पकडलं जात नाही. हे ठाण्यात जाऊन सांगावं लागेल."

"सांगितलं तर इचारत्याल, दोर कुनी कापला."

"हो."

"म्हातारीला ठाव न्हाई."

परत आलो. त्यांच्या बायकोनं बाजरीची गरम भाकरी, पिठलं आणि ठेचा वाढला. "कंपनीत म्हादूला आसली भाकरी मिळत नव्हती," असं म्हणत आणखी एक भाकरी माझ्या ताटात टाकली. मी ताट स्वच्छ केलं, कारण त्या माउलीसाठी मला दुसरं काहीच करता येत नव्हतं.

परतताना पारगावच्या पुलावरून भीमा ओलांडली. पलीकडच्या ठाण्यात मला कागद पाहू दिला, माणसं सौजन्यानं वागली. 'अकस्मात मृत्यू.' डोक्याच्या जखमा प्रवाहात दगडांवर आपटून झाल्या असाव्यात, अशी ओळ. पायांविषयी काहीच नाही. चौफुल्याहून दौंडला एसटीनं अर्धा-पाऊण तास लागतो. दौंड स्टेशनवर पुण्याची शटल लागलेलीच होती. संध्याकाळी त्या दिशेला गर्दी कमी असते, जागा मिळते. खिडकीशी बसून मी पुण्यापर्यंत रडले. समोरच्या काकूंनी न विचारता अर्धं संत्रं दिलं.

सरांना सगळं सांगितलं. ते वाईट नाहीत. फॉर्म पुन्हा हातात घेऊन वाचला. मग म्हणाले, "पण अडीचशे छापता येणार नाही. चारशे माणसांत एक म्हणजे दर नव्हे, योगायोग." संख्याशास्त्र त्यांच्या बाजूनं आहे, मीही दुसऱ्या कुणाला हेच शिकवलं असतं. भांडून भांडून एक तळटीप मिळवली : लोकसंख्या अत्यल्प असल्यानं एका वस्तीतील एक खून दरात धरलेला नाही. तक्ता छापून आला. ती ओळ वाचायला मला चष्मा लावावा लागला.

खूप जणांनी विचारलं, मग त्या प्रवासातून मिळालं काय? आकड्यांवरचा माझा विश्वास गेला नाही. पण आता रकान्यात शून्य दिसलं की मी तिथं थांबते, आणि ते कुणी कसं आणलं असेल याचा विचार करते. घरचे म्हणतात, जेवणाच्या ताटावर तरी हा विचार नको. त्यांचंही बरोबर आहे.

मार्चमध्ये आबांचा फोन आला; निघताना मी त्यांना नंबर लिहून दिला होता. वस्तीवरून नाही, तालुक्याच्या बूथवरून.

"म्हातारीला सांगितलं," ते म्हणाले.

"मग?"

"दोन दिस बोलली न्हाई. तिसऱ्या दिशी म्हनली, चला, मी बी येते ठान्यात." पलीकडे कुणीतरी खोकलं, त्या शेजारीच उभ्या असाव्यात. "सायब लिवून घेत व्हतं. प्रेत कुनी ढकललं? म्हनलं, मी. दोर कुनी कापला? म्हनलं, मी. तुमच्या संगट आनि कोन, ते बी लिवलं. मग इचारलं, मयत तुमचं कोन? म्हनलं, माझा ल्योक. तवा सायबानं पेन खाली ठिवलं, ताई."

"मग तुम्ही काय केलंत, आबा?"

"म्या काय करतो? म्हातारीच म्हनली, ठिवू नगा सायब. लिवा."