डावी पाकळी

वीर स्टेशनवर गाडी उशिरा येणार असं कळलं की बाकांवरची माणसं एकदम सुस्कारा सोडतात. मी मनातल्या मनात खूश व्हायचे. चाळीस मिनिटं उशीर म्हणजे मोबाईलवर रमीचे निदान सहा-सात डाव. माझी नोकरी पनवेलची. आठवड्यातून दोनदा महाडहून रिक्षाने वीरला यायचं आणि गाडी पकडायची, उरलेले दिवस घरून काम.

घरी कुणाला पत्ता नव्हता. मी मुळात कमी बोलणारी, त्यात इंग्लिश मीडियमची. त्यामुळे नातेवाइकांचा समज होता की मला मराठी बोलायला संकोच वाटतो. तो मी कधीच दूर केला नाही, कारण फार सोयीचा होता. माझ्या खोलीचं दार बंद असलं की आई शेजारणींना हळू आवाजात सांगायची, "तिची मीटिंग चालू आहे." मीटिंगच असायची. पाच अनोळखी माणसं, एक टेबल आणि तेरा-तेरा पत्ते.

दर रविवारी मी ते ॲप मोबाईलवरून काढून टाकायचे. सोमवारी गाडी उशिरा यायची आणि बाकावर बसल्या बसल्या मी ते परत घ्यायचे. असं अकरा वेळा झालं. सोडण्याचा माझ्याइतका सराव महाड तालुक्यात दुसऱ्या कुणाला नसेल.

मग काकीचं प्रकरण झालं. कापडे गावची ही माझी थोरली काकी महिनाभर मुंबईला मुलाकडे राहून परत येत होती. तिला उतरवून घ्यायला आईने मला वीरला पाठवलं. मी वेळेआधी पोचले. गाडी आली, थांबली आणि गेलीही. मला त्यातलं काहीच कळलं नाही. माझ्या हातात तेव्हा दोन जोकर होते.

डाव संपल्यावर मान वर केली तर शेजारी काकी. मांडीवर पिशवी घेऊन भुईमुगाच्या शेंगा खात बसलेली. पायाशी टरफलांचा चांगला ढीग झाला होता.

"संपलं गो तुझं?"

"काकी, तू कधी आलीस?"

"मगाशीच. गाडी पण गेली."

"हाक का नाही मारलीस?"

"मारली की दोनदा. तुझा काका मटक्याचा आकडा लावायचा ना, तवा त्याचं तोंड असंच व्हायचं. हाका मारून उपयोग नाय, म्हाईत हाय मला." तिने एक शेंग माझ्या हातावर ठेवली.

रिक्षात बसल्यावर मी विचारलं, "आईला सांगशील?"

"नाय सांगत. तू रविवारी कापड्याला ये. देवीला कौल लावू."

देवीवर माझा विश्वास होता की नाही, हे मी कधी तपासलं नव्हतं. पण आईपेक्षा देवी बरी, एवढं नक्की होतं. देवी कुणाला फोन करत नाही.

रविवारी गावदेवीच्या देवळात पोचलो तर तिथे आधीच तीन बायका वाती वळत बसलेल्या. काकीने गुरवाला सांगितलं, "पोरीला एक वाईट सवय हाय. सुटंल का, इचारायचं हाय."

वाती वळणारे सगळे हात थांबले.

"चहा लय पिते काय?" पहिलीने विचारलं.

"तंबाखूची मशेरी लावत असंल."

"काय तरी काय गो, इंग्लिश शाळेतली हाय ती. पोरगा असंल कुणीतरी."

मी देवळाच्या खांबाकडे बघत राहिले. गुरव कौलासाठी फुलाच्या पाकळ्या ओल्या करत म्हणाला, "सवय कसली ते मोठ्यानं सांगावं लागंल, बाय. देवीला अंदाजानं कसं इचारणार?"

चोवीस वर्षांत मी चारचौघांत मोठ्याने काही सांगितलेलं नव्हतं. "मोबाईलवर पत्ते खेळते," मी म्हणाले. "पैसे लावून. सुटत नाहीये."

"पत्ते व्हय," तिसरी म्हणाली. तिची घोर निराशा झाली होती. "आमचे बापये गणपतीत पाच दिस दुसरं काय करतात?"

गुरवाने दोन पाकळ्या देवीच्या दगडी मूर्तीवर चिकटवल्या, एक उजव्या अंगाला, एक डाव्या. उजवी आधी पडली तर सवय सुटणार, डावी पडली तर नाही. त्याने माझं म्हणणं देवीला सांगितलं.

मी बघत होते. उजवी पाकळी नीट बसली होती. डावीचा काठ किंचित उचललेला होता, आणि दारातून येणारा वाराही त्याच बाजूने. पाणीही तिला कमी लागलं होतं. डावीच, मी मनात म्हटलं. शंभर टक्के डावी. काठ अजून थोडा सुटला. पड, पड की आता.

काकीने एकदम माझा हात धरला. मांडीवर ठेवलेल्या माझ्या तळव्यावर माझा अंगठा सरकत होता, मोबाईलवर सरकतो तसा.

"काय लावलंस?" तिने विचारलं.

खोटं बोलायला वेळच मिळाला नाही. "डावी."

"डावी पडली तर तुझी सवय सुटायची नाय."

"माहीत आहे."

"आणि तरी तीच पडाया हवी तुला?"

माझ्याच विरुद्ध पैज लावून मी जिंकायची वाट बघत होते. मला माझीच भीती वाटली. अकरा वेळा ॲप काढताना असं एकदाही झालं नव्हतं.

"अगो, पडल्या की," एक बाई म्हणाली.

दोन्ही पाकळ्या खाली होत्या. बोलण्याच्या नादात कुणाचंच लक्ष नव्हतं.

"कुठली आधी पडली?" मी विचारलं. आवाज जरा जास्तच मोठा निघाला.

गुरवाने पाकळ्या उचलल्या. "देवीनं बघितलंय. तू घरी जा."

घरी जायची वाट न बघता तिथेच देवळाच्या पायरीवर बसून मी ॲप काढलं. बाराव्यांदा. काकीने फक्त एक अट घातली, हात मोबाईलकडे गेला की तिला फोन करायचा. पहिल्या आठवड्यात मी एकोणीस फोन केले. तिने मला कोंबडीचं खुडूक बसणं, भाताची लावणी आणि सुनेचा स्वभाव इत्थंभूत सांगितलं. एकदा वीरच्या बाकावर फोन कानाला लावून मी नुसती बसून राहिले. पलीकडे ती तांदूळ पाखडत होती. गाडी येईपर्यंत सुपाचा आवाज ऐकला.

याला आता आठ महिने झाले. मी खेळले नाही. पण डोकं अजून गप्प बसत नाही. परवाच तिला फोनवर सांगितलं, "काकी, वीरच्या बाहेर दोन रिक्षा उभ्या होत्या. कुठली आधी भरेल, यावर मी मनात पैज लावली."

"पैसे लावलेस?"

"नाही. मनातल्या मनात."

"मग ठीक हाय." थोडा वेळ सुपाचा आवाज येत राहिला, मग थांबला. "कुठली भरली गो आधी?"

"नाही सांगणार," मी म्हणाले.