कावळ्याला दिलेला शब्द

तुम्ही कधी एखाद्या कावळ्याला जाहीर आश्वासन दिलं आहे का?

मी दिलं आहे. यमुनेच्या घाटावर, भर दुपारी, खणखणीत आवाजात, तीन साक्षीदारांसमोर. निवडणुकीतली आश्वासनं विसरता येतात, कारण ती माणसांना दिलेली असतात. कावळ्याचं तसं नाही. कावळ्याच्या बाजूने माझी आई आहे.

आमचं घर नोएडात आहे. बाबा सरकारी छापखान्यात मुद्रितशोधक होते. दिवसा सरकारची राजपत्रं तपासायची आणि संध्याकाळी त्याच सरकारविरुद्ध कामगार संघटनेची पत्रकं लिहायची, असा त्यांचा समतोल आहार होता. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर. इतर मुलं 'कमळ' लिहीत होती तेव्हा मी 'कपात' लिहीत होते. मोठी झाले आणि स्वतःची पत्रकं काढू लागले. त्यातलं शेवटचं यमुनेवर होतं. हिंदीत, ठळक मथळ्याचं: 'यमुना में एक भी मछली नहीं बची।' खाली सात मागण्या, त्याखाली माझा फोन नंबर.

ते बाबांनी तपासलं. तेव्हा ते आजारीच होते. उशीला टेकून त्यांनी लाल पेनाने 'एक भी' या शब्दांभोवती गोल केला आणि समासात लिहिलं, 'कुणी मोजले?'

"बाबा, पत्रकात 'बहुधा' घालायचं नसतं. तुम्हीच शिकवलंत," मी म्हणाले.

"घालू नकोस. पण मोजल्याशिवाय एकही नाही असं म्हणू नकोस."

मला वाटलं, माणूस स्वतःच्या छंदाची बाजू घेतोय. कारण बाबांना राजकारणाबाहेरचा एकच नाद होता, मासे धरण्याचा. दरवर्षी ऑक्टोबर लागला की ते दोन-तीन रविवार पहाटे उठून गळ घेऊन यमुनेवर जायचे आणि दुपारी पिशवीत एक रोहू घेऊन यायचे. त्यांची एक वही होती. तिच्यात हवामान खात्याला लाजवतील अशा नोंदी. 'पाऊस सरला. पाणी निवळतंय. सकाळचं तिरपं ऊन पडलं की मासा काठाला येतो. आमिष: कणकेचा गोळा, चिमूटभर हळद. थंडी पडली की मासा तळाला बसतो, मग गळ गुंडाळावा.'

मी 'एक भी' तसंच ठेवलं आणि पत्रक छापलं. शिवाय पावसात भिजू नये म्हणून लॅमिनेट केलं आणि नदीकाठच्या कठड्यांवर शेकड्याने बांधलं. पावसाळा संपता संपता बाबा गेले.

आता दहाव्याकडे वळते. माझा विधींवर विश्वास नाही. पण विधी व्हायचेच असतील तर ते पुतण्यानेच केले पाहिजेत, यावर तर त्याहून नाही. त्यामुळे ज्यांवर विश्वास नाही ते सगळे विधी मी भांडून स्वतः केले. पिंड ठेवला आणि आम्ही कावळ्याची वाट पाहत उभे राहिलो. कावळा शिवला म्हणजे गेलेल्या माणसाची इच्छा राहिलेली नाही.

दिल्लीत घारी आहेत, कबुतरं तर माणसांहून जास्त आहेत, पण कावळा अर्ध्या तासाने एक आला. तारेवर बसला. पिंडाकडे बघितलं आणि पंख साफ करत बसला.

दत्ताकाका पुढे झाले. ते बाबांचे धाकटे भाऊ, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. सावधान उभं राहून म्हणाले, "दादा, वहिनींची काळजी करू नकोस. मी आहे."

कावळा ढिम्म.

"दादा, तुझी स्कूटर विकणार नाही."

कावळ्याने पाठ फिरवली.

"अहो, मी गोळ्या वेळेवर घेईन," आई म्हणाली. त्यावर तर कावळ्याने स्पष्ट अविश्वास दाखवला.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "ताई, दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ या. शास्त्रात सोय आहे. मलाही पुढे पहाडगंजला जायचंय."

"गुरुजी, पर्यायी कावळा मला मान्य नाही," मी म्हणाले. (आमच्या घरात याला तत्त्वनिष्ठा म्हणतात.)

मग आई रडायला लागली. "काहीतरी राहिलंय त्यांचं. काहीतरी राहिलंय." दहा दिवस ती अशी रडली नव्हती. ते मला बघवेना. मी तारेकडे तोंड केलं आणि सभेत बोलतात तशी बोलले, "बाबा, तुमच्याच गळाने, याच यमुनेतला मासा धरून आईला खाऊ घालीन!"

कावळा खाली उतरला आणि त्याने पिंडाला चोच मारली.

(त्याचं शास्त्रीय कारण मला माहीत आहे. नेमके त्याच क्षणी दत्ताकाका छत्री मिटून मागे सरले होते. पण हे ऐकून घ्यायला कुणी तयार नाही.)

घाटाच्या पायऱ्या चढताना माझ्या लक्षात आलं की ज्या नदीत एकही मासा नाही असं मी शेकडो प्रतींत जाहीर केलं होतं, त्याच नदीतला मासा मी आईला कबूल केला होता. आणि घरी पोचल्यावर आई शांतपणे म्हणाली, "तो मासा येईपर्यंत मी मासे खाणार नाही."

आई वेंगुर्ल्याची. तिच्या जेवणातून मासा काढला तर उरतो तो फक्त पाटावर बसण्याचा व्यायाम. तेरावं झालं, सुतक संपलं, तरी ती दहीभातावरच. तोही चार घास. ऑक्टोबर लागेपर्यंत तिच्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत फिरायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, "यांना खायला घाला काहीतरी." तिने त्यांना सांगितलं, "मुलगी घालणार आहे."

पहिल्या रविवारी आम्ही यमुनेवर कालिंदी कुंजला गेलो. मी, काका, घडीच्या खुर्चीवर आई, आणि बाबांची वही. पाऊस सरला होता, ऊन तिरपं पडलं होतं, कणकेत हळद होती. वहीत नव्हता तो फक्त फेस. दरवर्षी या दिवसांत यमुनेवर पांढरा फेस येतो, हे मी पत्रकात चवीने लिहिलं होतं. पण त्यात गुडघाभर उभं राहिल्यावर कळलं, त्याला धोब्याकडच्या मोरीचा वास येतो आणि तो नाकात जाऊन बसतो. नदीत हे काय सोडतात ते ज्यांना ठाऊक आहे, ते पुलावरून जाताना गाडीची काच वर करतात.

शेजारी एक नवरा-नवरी लग्नाआधीचे फोटो काढून घेत होते. फेस म्हणजे ढग, अशी त्यांची कल्पना होती. फोटोग्राफर ओरडला, "आंटीजी, ज़रा फ्रेम से हट जाइए।"

"आप हटिए," काका गरजले. "यहाँ ड्यूटी चल रही है।"

पहिल्यांदा गळाला चप्पल लागली. एकच, डाव्या पायाची. दुसऱ्यांदा देवीची चुनरी आली. तिसऱ्यांदा मात्र काठी चांगलीच वाकली. "लागला, लागला," काका म्हणाले. आई खुर्चीतून उठली. मी जीव खाऊन ओढलं, आणि फेसातून एक चपटी, चकचकीत वस्तू वर आली.

माझं पत्रक होतं. लॅमिनेट केलेलं, एक अक्षरही न पुसलेलं. आईने चष्मा लावून वाचलं, "यमुना में एक भी मछली नहीं बची।"

काकांनी पुढचं वाचलं. "मागणी तिसरी. नदीत प्लॅस्टिक टाकणाऱ्यांवर कडक कारवाई करा." ते थांबले. "खाली नंबरही दिलायस. बरं झालं. शोधायला नको."

पुढचे दोन रविवारही असेच गेले. माझी आणखी चार पत्रकं हाती लागली. आई रोज थोडी कमी होत होती. एकदा ती स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिलेली दिसली, डोळे मिटून. त्याच दिवशी काकांनी मला बाल्कनीत बोलावलं.

"मासा बाजारातून आणू. मी झुडपामागून पाण्यात उतरतो, गळाला अडकवतो. तू ओढ. वहिनी जेवतील."

"काका, ही फसवणूक आहे."

"फौजेत याला रसद म्हणतात."

आयुष्यभर मी अशा माणसांवर पत्रकं काढली होती. पण ओट्याला धरलेला आईचा हात काही डोळ्यांपुढून जाईना. मी म्हणाले, "मोठा आणा."

रविवारी सगळं ठरल्याप्रमाणे झालं. काका 'जरा पाय मोकळे करून येतो' म्हणून झुडपामागे गेले. दोरीला हिसका बसला. मी ओढलं. मासा आला. भरदार, ताज्या डोळ्यांचा. मी तो आईच्या पुढ्यात ठेवला. काका ओल्या पँटने धावत आले आणि चकित झाले. (चकित होण्याचा त्यांनी आदल्या दिवशी सराव केला होता.)

आईने मासा उलटा केला, सुलटा केला. "मुक्ता, हे काय आहे?"

"मासा."

"कुठला?"

"यमुनेतला."

"हे पापलेट आहे."

मी काकांकडे पाहिलं. काका आकाशाकडे बघत होते. कोकणी माणूस, बाजारात उभा राहिला, समोर सगळे मासे मांडलेले. सवयीने डोळे बघितले, कल्ले बघितले आणि सगळ्यांत चांगला उचलला. नदीचा मासा हा मासाच नव्हे, असं आमच्या घराण्याचं मत. आपण नदीवर चाललोय हे तेवढं ते विसरले.

"वहिनी, यंदा पूर मोठा होता ना..." काका म्हणाले.

"समुद्राला?"

आईने माशावर तळवा ठेवला. "आणि गारठलंय किती बिचारं. बर्फात पोहत होतं वाटतं."

मग ती हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच, खुर्ची हलेपर्यंत हसली. डोळे पुसत म्हणाली, "यांनी निदान रोहू आणला असता."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? इतकी वर्षं तेच तर आणत होते. खवले काढलेला, पोट साफ केलेला. यमुनेतला मासा एवढा टापटिपीचा असतो?"

"बाबा बाजारातून आणायचे? मग तू बोलली का नाहीस?"

"काय बोलू? पहाटे उठून जायचे. तीन-तीन तास बसायचे. पिशवीत मासा असला की जेवताना गप्पा मारायचे. नसता तर आठवडाभर तोंड उघडलं नसतं." तिचं हसू हळूहळू उतरलं. "एकदा लागावा, एवढंच होतं त्यांचं."

पापलेट तिने तळलं. आम्हाला वाढलं. स्वतः दहीभात घेतला. मी म्हणाले, "आता तरी खा ना."

"त्यांनी कुणाला शब्द दिला नव्हता. तू दिलायस."

त्या संध्याकाळी मी वही पुन्हा वाचली. दर रविवारापुढे 'एक रोहू' लिहिलेलं. शेवटच्या पानावर मात्र एक वेगळी ओळ होती. 'पुढच्या वर्षी पल्ल्याला जाऊन बघायचं.'

पल्ला म्हणजे यमुना जिथे दिल्लीत शिरते ते गाव. शहराचे नाले अजून तिला मिळालेले नसतात. पुढच्या रविवारी आम्ही तिथे गेलो. सकाळी गारवा जाणवू लागला होता. आणखी आठवडा, आणि मग वहीप्रमाणे गळ गुंडाळावा लागला असता. तिथे मी काठावर वाकून पाहिलं. पाण्याचा तळ दिसत होता. काठाला गवत होतं. नदी अशी असते हे मी लिहिलं पुष्कळ वेळा होतं, पाहिलं नव्हतं.

दोन तास काही झालं नाही. मला नव्या पत्रकासाठी मुद्दे सुचू लागले, म्हणून मी काठी आईच्या हातात दिली आणि वही काढली. दुसरा मुद्दा लिहीत होते तेव्हा दोरीवरचं लाल बूच बुडालं. आईने झटका दिला. काहीही आरडाओरडा न करता तिने मासा वर काढला. तळहाताएवढा, चांदीसारखा, तडफडणारा. जिवंत.

शेताला पाणी देणारा एक म्हातारा बघून म्हणाला, "छोटी है। पर है तो मछली।"

"पण शब्द मी दिला होता, मासा तू धरलास," मी म्हणाले. "हे चालेल का?"

"कावळा कुठे विचारायला येतोय," आई म्हणाली.

घरी तिने तो एकटीने खाल्ला. पहिल्या घासाला म्हणाली, "चिखलाचा वास येतोय." दुसऱ्याला काही बोलली नाही. काटे निघेपर्यंत खाल्ला, भातही मागून घेतला. मग हात न धुता तशीच बसून राहिली. "एवढासुद्धा मिळाला नाही गं त्यांना," म्हणाली.

बाबांनी तपासलेली प्रत मी त्या दिवशी कपाटातून काढली. लाल गोल तसाच होता. 'कुणी मोजले?' ज्या माणसाला उभ्या आयुष्यात यमुनेत एक मासा मिळाला नाही, तो मरताना मला 'एकही नाही' लिहू देत नव्हता. आणि मोजायची वेळ आली तेव्हा ते काम आईने केलं. मी टिपणं काढत होते.

म्हणून एक विनंती आहे. तुम्ही दिल्लीत राहत असाल, कधी नदीकडे गेलात आणि कठड्यावर 'एक भी मछली नहीं बची' असं पत्रक दिसलं, तर त्यातले 'एक भी' हे दोन शब्द कृपया खोडा. पेन चालणार नाही, मी ते लॅमिनेट केलंय. तेव्हा सोडवून सरळ घरी न्या. बाकी सातही मागण्या खऱ्या आहेत, त्या वाचा, शेजाऱ्यांना वाचायला द्या. तिसऱ्या मागणीप्रमाणे कारवाई करायची असेल तर खाली नंबर आहे. फक्त ते पत्रक पाण्यात टाकू नका. तिथे कुणी गळ टाकून बसलं असेल.